वैजूची वीत

वैजू, छप्पर चुकलं.

आधी हेच सांगून टाकते, म्हणजे माझा जीव मोकळा होईल. सुपारीच्या नवरा-नवरीचा तुझा तो लग्नमंडप, खांब तू उभे करून ठेवलेले, झालरी लावून झालेल्या, फक्त वरचं छप्पर तेवढं राहिलेलं. ते मी कापलं आणि चुकवलं. दोन्ही बाजूंनी असं बाहेर आलं की मंडप कमी आणि एसटी स्टँड जास्त दिसायला लागला. हसू नकोस. नाही, हस. तू हसलीस तर मला बरंच वाटेल.

तू गेलीस त्याला महिना होऊन गेला. लोक विचारतात, कोण गेलं घरातलं? मी म्हणते, धाकटी जाऊ. ते 'अरेरे' म्हणतात, पण तोंडावर दिसतं की जाऊच ना, त्याचं एवढं काय. जावाजावांचं कधी पटलंय का? आपलं तरी कुठं पटत होतं म्हणा! मीठ किती घालायचं यावरून आपण भांडलो, पडद्यांच्या रंगावरून भांडलो, आणि एका गोष्टीवरून तर तू आल्यापासून जाईपर्यंत भांडलो. ते भांडण मी केतकीच्या लग्नात मिटवणार होते. तुला न विचारता. माझ्या लेकीच्या, आपल्या घरातल्या एकुलत्या एका मुलीच्या रुखवतापाशी उभं राहून मी सगळ्या वऱ्हाडाला सांगणार होते की हे माझ्या जावेनं केलंय, वैजयंतीनं. एकदा तरी. तू नाही म्हणायला नव्हतीस, म्हणून नाही हं. तू असतीस तरी सांगितलं असतं.

तुला पाहण्याआधी मी तुझं रुखवत पाहिलं होतं. आठवतं का? तुला कसं आठवेल, तू आत हळद पुसत बसली असशील. कळवणला तुमच्या दारातल्या मांडवात, मी नवरदेवाची थोरली वहिनी, नाशिकची, नवी पैठणी नेसून, नाक वर करून आले होते. रुखवत म्हणजे काय असतं हे मला पाठ होतं. स्टीलचे डबे, पिंप, चादरी आणि कोपऱ्यात एक दोन नारळांना डोळे-मिशा काढलेल्या. माझ्याही लग्नात हेच होतं. त्यातलं शोभेचं सगळं आईनं मेनरोडवरच्या दुकानातून आणलं होतं आणि व्याह्यांना 'सगळं मुलीनंच केलंय बरं का' असं सांगताना तिची मान जराही खाली झाली नव्हती. रुखवतापाशी तेवढं बोलायचंच असतं. ते कुणी खरं धरत नाही आणि खोटंही म्हणत नाही.

तुझ्या टेबलावर मधोमध कांद्याची चाळ होती. खराट्याच्या काड्यांची, वर गवताचं शाकारलेलं छप्पर, आणि आत कांदे भरलेले. मी वाकले. साबुदाणा रंगवून केलेले कांदे होते ते, गुलाबी, आणि एकेका दाण्याला वर दोऱ्याची शेंडी होती. एकेका दाण्याला, वैजू! ढिगाच्या तळाला, जिथं कुणाची नजर जाणार नाही, तिथल्या कांद्यालाही. मी नखानं एक उचलून पाहिला, मग खालचा, मग त्याच्या खालचा. सासूबाई मागून म्हणाल्या, "अगं चल जेवायला, कांदे आपल्या घरीही आहेत." मला उठवेना. तुझ्या आईला विचारलं, हे कोणी केलं? "नवरीनंच केलंय," त्या म्हणाल्या. ते वाक्य खरं असलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

मग तू घरी आलीस आणि आपल्या गल्लीतल्या, गल्लीच्या पलीकडच्या, पार देवळाली कॅम्पपर्यंतच्या मुलींची लग्नं तुझ्याकडे यायला लागली. तुझी पद्धत बघून मला आधी लाज वाटायची. लोकांच्या घरी जायचं, चहा प्यायचा आणि म्हणायचं, "माळ्यावर काय पडलंय ते दाखवा ना." लोक तुझं कौतुक करताना 'टाकाऊतून टिकाऊ' म्हणाले की तुझ्या कपाळाला आठी. "टाकाऊ कशाला म्हणायचं ताई? त्यांनी टाकलं नाय, म्हणून तर माळ्यावर हाय." विकतचं तू लेस आणि मणी सोडून काही घेतलं नाहीस. पुठ्ठा दिंडोरीच्या द्राक्षांच्या पेट्यांचा, हंगाम सरला की भाऊजी स्कूटरला बांधून आणायचे. चिकटवायला घरची मैद्याची खळ, किडे लागू नयेत म्हणून चिमटीभर मोरचूद घातलेली. माझ्या एका चांगल्या पातेल्याचा त्या खळीनं बळी गेला, ते मी विसरलेले नाही.

देवळाली कॅम्पातल्या त्या सुभेदारांच्या घरी मी तुझ्याबरोबर होते. मुलीची आई कानकोंडी झाली होती. "आमच्याकडे जुनं काही नाही हो ताई, दर दोन-तीन वर्षांनी बदली, सगळं मागं राहिलं." तू विचारलंस, "मग सामान कशात नेत होतात?" तिनं पलंगाखालच्या काळ्या ट्रंका दाखवल्या. झालं. तू चहाचा कप खाली ठेवून उठलीस. मी वाटभर चिडचिड केली, की ट्रंकांचं काय रुखवत करणार आहेस, डोंबल?

लग्नात रुखवतावर सप्तपदीच्या जागी सात ट्रंका होत्या. हाताच्या तळव्यावर मावतील एवढ्या, काळ्या, कडीकोयंड्यासकट, आणि प्रत्येकीवर पांढऱ्या रंगात एक गाव. ती मुलगी जिथं जिथं लहानाची मोठी झाली ती गावं, ओळीनं. सातवीवर तिच्या सासरचं गाव. सुभेदारसाहेब समोर उभे राहिले, कडक माणूस, मिशीचा पीळ न सुटलेला. एकेक ट्रंक वाचत गेले आणि शेवटची वाचून झाली की पुन्हा पहिल्यापासून. लोक त्यांना जेवायला बोलावत होते. मी तुझ्याबरोबर बसून त्या ट्रंका चिकटवल्या होत्या गं, कडी लावताना बोट कापून घेतलं होतं, आणि तरी ते असं होणार आहे हे मला दिसलं नव्हतं. तुला पलंगाखाली वाकल्या वाकल्या दिसलं होतं. हे कसं होत असेल? मला अजून कळत नाही आणि आता विचारायला तू नाहीस.

तेव्हाच वरपक्षाच्या एका बाईंनी विचारलं, हे कोणी केलं? मी तोंड उघडलं आणि तू माझ्या दंडाला असा चिमटा काढलास की वळ उठला. "नवरीनंच," तू म्हणालीस, तुझ्या आईसारखंच.

येताना रिक्षात आपलं वाजलं. मी म्हटलं, राबायचं तू आणि मिरवायचं दुसरीनं? तू म्हणालीस, "ताई, रुखवत नवरीचं असतंय. मी माझं नाव सांगितलं की ते रुखवत राहत नाय, प्रदर्शन होतंय." मी म्हटलं, होऊ दे की प्रदर्शन! निदान दुनियेला कळेल तरी. "दुनियेला कळून काय करायचं?" म्हणालीस आणि रिक्षावाल्याला वळण दाखवायला लागलीस. तू अशीच. वाद हरायला लागलीस की वळण दाखवायचीस. जिंकायला लागलीस तरी वळणच दाखवायचीस. त्यामुळे कोण जिंकलं ते मला कधी समजलंच नाही.

तुझ्या नावानं आपणहून गल्लीभर झालेली गोष्ट एकच, साबणाची बर्फी. आठवलं की मला अजून एकटीला हसू फुटतं. अंगाच्या साबणाच्या वड्या कापून, वर वेलचीची पूड आणि पिस्त्याचे काप लावून तू ताट सजवलं होतंस, आणि नवरदेवाच्या मामांनी सगळ्यांदेखत एक उचलून तोंडात टाकली. आपण दोघी थिजलो. माणूस मोठा मानी. थुंकायचं कसं? त्यांनी चावली, गिळली, ओठाच्या कडेचा फेस रुमालानं टिपला आणि म्हणाले, "छान आहे, वेलची जरा जास्त झाली." तू पळत जाऊन भटारखान्यात पोत्यावर बसून हसलीस, हसता हसता रडलीस, आणि त्या दिवसापासून खोटं खाणं करणं बंद केलंस. "खायचं दिसलं तर ते खाताच आलं पाहिजे ताई. माणूस फसला नाय पाहिजे."

मी तुला एकदा स्टीलची मोठी पट्टी आणून दिली होती. तुझं सगळं वितीवर आणि बोटांवर. वीतभर खांब, चार बोटं झालर, अंगठ्याच्या पेराएवढी पायरी. मला वाटलं, जरा शिस्त येईल. त्या पट्टीनं तू खळ ढवळलीस. "माझी पट्टी माझ्याजवळच असते," म्हणालीस आणि हात पुढं केलास. मला शिकव म्हटलं की म्हणायचीस, "तुम्ही करून बघा तं खरं, काय नाय होत." मी म्हणायचे, माझे हात लाकडाचे. मग तू मला पुठ्ठा धरायला लावायचीस. इतकी वर्षं मी तुझा पुठ्ठा धरला, वैजू. कापला कधी नाही.

शेवटी शेवटी तुला कात्री धरवेना. बाहेरच्या खोलीतल्या कॉटवर पडल्या पडल्या तू सांगायचीस आणि मी आणि केतकी ऐकायचो. लग्न पुढं ढकलायचं नाही हे तू भाऊजींकडून वदवून घेतलंस, माझ्याकडून घेतलंस, वर केतकीलाही दटावलंस. मग छपराचं सांगितलंस. "माझ्या शालूचा पदर लावा ताई छपराला. लांबी दोन विती, रुंदी वीतभर आणि चार बोटं. उतार कसा द्यायचा ते मी तेव्हा सांगते." तेव्हा म्हणजे कधी, वैजू? मला राग येतो तुझा. एवढं सगळं सांगून जाणारी बाई, उतार तेवढा ठेवून गेली.

तेरावं झाल्यावर एका दुपारी मी तुझी कात्री काढली. भाऊजी त्या कात्रीला कुणाला हात लावू देत नव्हते. मी घेतली. माझ्यापुढं कोण बोलणार? शालू जमिनीवर पसरला, पुठ्ठ्यावर पदर ताणून धरला. वीत टाकली, दुसरी टाकली, खूण केली. देवाचं नाव घेतलं आणि कापलं. पहिल्यांदाच कापलं, आणि काय सांगू, सरळ कापलं गं! मी हरखले. मग उचलून खांबांवर ठेवलं.

केतकी बघत उभी होती. म्हणाली, "आई, तू तुझी वीत धरलीस?"

"मग कुणाची धरणार?" मी म्हटलं आणि तोंड उघडंच राहिलं माझं.

दर संक्रांतीला आपण दोघी भद्रकालीत बांगड्या भरायला एकत्र बसायचो. तो कासार तुझा हात बघून लहान मुलींच्या मापाची बांगडी काढायचा आणि माझा हात बघून उठून मागच्या कपाटाकडे जायचा. तुझी एक बांगडी माझ्या कधी अंगठ्याच्या पुढं गेली नाही. हे मला माहीत होतं आणि तरी तू 'दोन विती' म्हणालीस तेव्हा मी माझाच हात पाहिला. माप सांगणारी गेली आणि माप बरोबर घेऊन गेली. मी त्या शालूवरच बसून रडले. तेराव्यापर्यंत रडले नव्हते एवढं रडले. भाऊजी दारात येऊन उभे राहिले आणि परत गेले.

मग काय सुचलं कोण जाणे, मी उठले आणि घरात विती टाकत सुटले. दारावरचं मण्यांचं तोरण, किल्ल्यांची खुंटाळी, देव्हाऱ्यामागची वेलबुट्टी, केतकीच्या लहानपणची पेन्सिलींची पेटी, माझा सुया-दोऱ्यांचा डबा. जिथं जिथं वीत ठेवली तिथं माझा हात तेवढाच बाहेर आला. सगळीकडे तेवढाच. एक गोष्ट चुकली नव्हती. आपल्या घरात इकडून तिकडे जिथं नजर टाकावी तिथं तुझा हात उघडून ठेवलेला होता आणि मी त्यातून रोज ये-जा करत होते, किल्ल्या अडकवत होते, धूळ पुसत होते. वैजू, मी हात जोडले. कुणाला जोडले सांगता येत नाही. खुंटाळीला जोडले म्हण हवं तर.

छप्पर कापून लहान करता आलं असतं. केतकी कात्री घेऊन आलीही. पण तुझ्या पदराला दुसऱ्यांदा कात्री लावायला माझा हात होईना. केतकी म्हणाली, "मग खांब वाढवू. पुढं पडवी काढू." तुझीच पुतणी. मी कागदाची सुरळी करून खांब वळले. पहिला फुसका निघाला, दुसरा केळीच्या खांबाएवढा जाड झाला, तिसरा उभा राहिला. उतार मी माझ्या मनानं दिला, जरासा पुढं. सुपारीच्या विहिणी तू मंडपाच्या बाहेर उभ्या केल्या होत्यास, त्या आता पडवीत आल्या. "बऱ्या झाल्या," केतकी म्हणाली, "वैशाखाचं ऊन, बिचाऱ्या सावलीला आल्या." आम्ही दोघी हसलो. तुझ्यानंतर घरात पहिल्यांदा हसलो, तेही तुझ्या खळीत हात बुडवून.

आणि काल लग्न झालं. दिंडोरी रोडच्या हॉलवर टेबल मांडलं. माझं वाक्य तयार होतं. महिनाभर भाजी निवडताना, गॅसपाशी, आंघोळीला पाणी काढताना ते घोकलं होतं. 'हे सगळं माझ्या धाकट्या जावेनं, वैजयंतीनं केलंय.' एवढंच. केतकीची आजेसासू आली, सटाण्याकडची, वाकलेली, कानानं कमी. थोरल्या नातसुनेच्या खांद्याला धरून टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. मंडपापाशी थांबली. डोळे बारीक करून पडवीतल्या विहिणी पाहिल्या, आतली नवरी पाहिली, पदराचा काठ बोटानं चाचपला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "हाई कोनी करं व माय?"

तुझ्या माहेरची बोली, डोळ्यांना 'डोया' म्हणणारी. तू चिडलीस की तुझ्या तोंडून निसटायची ती. माझं सगळं पाठांतर उडालं. शेजारी केतकी उभी होती, पिवळी साडी, हातभर चुडा, एक हात टेबलाच्या कडेवर. ते टेबल तिचं होतं. ते छप्पर मी माझ्या हातानं कापलं होतं, खांब वळले होते, आणि त्या घटकेला माझं नाव कुणी घ्यावं असं मला तिळभरही वाटत नव्हतं. ते तिचं असावं एवढंच वाटत होतं. तेव्हा समजलं गं, तू चिमटा का काढलास. इतकी वर्षं भांडले, पण ते समजायला आधी एक छप्पर कापायला लागतं हे कुठं माहीत होतं?

"केतकीनंच केलंय आजी," मी म्हटलं.

तू जिंकलीस. पण थांब, ऐक पुढं. केतकी त्यांच्या कानाशी वाकली आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "नाही हो आजी! मला साधी सुपारी रंगवता येत नाही. माझ्या वैजूकाकूनं केलंय. आणि छप्पर आईनं." तिचं होतं ना रुखवत? मग ते कुणाच्या नावाचं ते तिनं सांगितलं. मी चिमटा काढायला हात उचलला होता, खरंच सांगते, पण तो तिच्या पाठीवर ठेवला.

आजींना तुझं काहीच कुणी सांगितलेलं नव्हतं. लग्नाघरी म्हाताऱ्या माणसाला कशाला सांगायचं, म्हणून राहून गेलं असेल. त्या खूश झाल्या. मान वर करून इकडंतिकडं बघायला लागल्या. "कोठे शे ती? बलाव ना तिले. मले तिना हात दखना शेत."

तुझे हात बघायचे होते त्यांना. केतकीनं तोंड फिरवलं. भाऊजी अक्षतांचं ताट घेऊन निघाले होते, ते तिथंच थांबले. मी खाली वाकले आणि आजींच्या कानात म्हटलं, ती इथं नाही आजी, पण तुमचा निरोप मी तिला नक्की सांगते. त्यांनी माझा हात घट्ट धरून ठेवला आणि निरोप दिला. आज सकाळी केतकीची पाठवणी झाली, घर रिकामं झालं, आणि मी सगळ्यात आधी हे लिहायला बसले. ऐक, वैजू. त्या म्हणाल्या, "असं मी जलममा नही दखं. तिले सांगजो व माय, मना डोया निवनात."